शटर उघडण्याआधी दहा मिनिटं : स्ट्रेचिंगचे प्रकार, ते करायची रीत आणि त्यामागचा धंद्याचा हिशोब



माझ्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन कोणतं? पिठाच्या गिरणीवाला म्हणतो, मोटर. शिवणकाम करणारी ताई म्हणते, ओव्हरलॉक. झेरॉक्सवाला म्हणतो, प्रिंटर. मग मी विचारतो, ते मशीन बंद पडलं तर? उत्तर लगेच येतं, "सर, मेकॅनिकला बोलावू, नाहीतर दोन दिवस भाड्याने आणू."

बरोबर. आणि ज्या कमरेच्या जोरावर तुम्ही पोती उचलता, ज्या मनगटावर तुमची कात्री चालते, ती बंद पडली तर? ती कुठून भाड्याने आणणार?

इथे हॉल शांत होतो. आजचा विषय तोच आहे. धंद्याच्या ब्लॉगवर स्ट्रेचिंग कुठून आलं, असं वाटेल. पण एकट्याच्या धंद्यात मालक, कामगार आणि मशीन एकच असतं. त्या मशीनची सर्व्हिसिंग कशी करायची, हे मी मार्केटिंगच्या आधी शिकवायला हवं होतं, असं आता माझं ठाम मत झालंय.

माझी दिवाळी कशी बुडाली

ट्रेनर होण्याआधी मी फरसाण बनवून दुकानांना पुरवायचो. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सकाळपासून तीन तास स्कूटरवर डिलिव्हरी केली, परत आलो आणि गाडीवरून उतरून थेट वाकून पंधरा किलोचा तेलाचा डबा उचलला. कमरेत कळ आली ती अशी की, डबा तिथेच सोडून भिंतीला टेकलो.

खरी चूक यापुढे झाली. शेजारचे एक काका म्हणाले, "अरे, कंबर आखडलीय, पायाचे अंगठे धर आणि हिसके दे, मोकळी होईल." मी दिले हिसके. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताच येईना. नऊ दिवस घरात पडून होतो. ज्या दुकानदारांनी ऑर्डर दिली होती, त्यांनी दुसरीकडून माल उचलला. त्यातले दोघं तर पुन्हा कधी माझ्याकडे आलेच नाहीत. तेल, बेसन उधारीवर आणलेलं होतं, त्याचे पैसे मात्र वेळेवर द्यावे लागले.

नंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला जे सांगितलं ते आजही डोक्यात आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन चुका केल्या. तीन तास बसलेलं शरीर न हलवता थेट वजनाला लावलंत. आणि दुखावलेल्या जागेला हिसके दिलेत. ताण देणं चांगलंच, पण कोणता, कधी आणि कसा, हे कळायला हवं."

आज मी तेच तुम्हाला सांगणार आहे.

"सर, दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ऐका. काम म्हणजे हालचाल खरी, पण ती एकाच तऱ्हेची. शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईची मान दिवसभर पुढे वाकलेली असते आणि खांदे पुढे ओढलेले. ती कधी मान मागे नेते का? कढईपुढे उभा राहणारा वडापाववाला आठ तास उभा असतो, पोटऱ्या आखडतात. मोबाईल रिपेअर करणाऱ्याची बोटं आणि मनगट छोट्याशा जागेत अडकलेली असतात. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या मांड्यांचा पुढचा, जांघेजवळचा भाग दिवसभर दुमडलेला असतो.

जो स्नायू रोज तेवढ्याच मर्यादेत हलतो, त्याला तेवढ्याचीच सवय लागते. मग एखाद्या दिवशी वरच्या फळीवरचा खोका काढायला हात नेहमीपेक्षा जास्त वर जातो आणि तिथेच लचक भरते. स्ट्रेचिंगचं काम एवढंच की, सांधा जेवढा फिरायला हवा तेवढा आरामात फिरत राहावा. चार-दोन दिवसांत स्नायू रबरासारखा लांब होत नाही, हेही समजून घ्या. सुरुवातीला होतं ते असं की, शरीर तो ताण सहन करायला शिकतं. नियमित केलं तर तीन-चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो.

आता प्रकार बघू.

१. डायनॅमिक स्ट्रेचिंग : दुकान उघडण्याआधी

डायनॅमिक म्हणजे हलता ताण. कुठेही थांबून धरायचं नाही. हात-पाय सावकाश, ताब्यात ठेवून, हळूहळू मोठ्या कक्षेत फिरवायचे. याने अंग गरम होतं, रक्त खेळतं आणि स्नायूंना कामाची चाहूल लागते. माल उतरवण्याआधी, सकाळी शटर वर करण्याआधी हाच प्रकार करायचा.

कसं करायचं :

• जागच्या जागी दोन मिनिटं चाला, गुडघे कमरेपर्यंत उचला.
• दोन्ही हात बाजूला घेऊन गोल फिरवा. आधी लहान गोल, मग मोठे. दहा पुढे, दहा मागे.
• काउंटरला एका हाताने धरा आणि एक पाय पुढे-मागे झुलवा, घड्याळाच्या लंबकासारखा. प्रत्येक पायाने दहा वेळा. पाठ ताठ राहू द्या.
• पाय खांद्याइतके फाकवून, हात कमरेवर ठेवून कंबर गोल फिरवा. पाच या बाजूने, पाच त्या बाजूने.
• मनगटं आणि घोटे गोल फिरवा.

झालं. पाच मिनिटांचं काम. घाई करू नका. हात-पाय भिरकावले की तो दुसराच प्रकार होतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

२. स्टॅटिक स्ट्रेचिंग : दुकान बंद केल्यावर

आपल्यापैकी बहुतेकांना 'स्ट्रेचिंग' म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं. एका स्थितीत जायचं, ताण जाणवेल तिथे थांबायचं आणि धरून ठेवायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेची शिफारस अशी की, मोठ्या माणसांनी ताण १० ते ३० सेकंद धरावा आणि वयस्कर लोकांनी ३० ते ६० सेकंद. प्रत्येक स्नायूला दोन ते चार वेळा. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, रोज केलं तर उत्तमच.

आपली नेहमीची गफलत काय होते? सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, अंग थंड असताना आपण हाच प्रकार करतो. हा ताण गरम अंगाला द्यायचा असतो. शिवाय एकाच स्नायूला मिनिटभराहून जास्त वेळ ताणून ठेवलं आणि लगेच जोराचं काम केलं, तर स्नायूची ताकद थोडा वेळ कमी पडते. म्हणून पोती उचलण्याआधी हा प्रकार नको. रात्री शटर खाली ओढलं की करा. तेव्हा अंग गरम असतं आणि घाईही नसते.

कामाप्रमाणे निवडा :

• उभ्याने काम करणारे (चहावाले, वडापाववाले, सलूनवाले) : भिंतीला हात टेकवा. एक पाय मागे न्या, त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. मागच्या पोटरीत ताण येईल. मग मागचाही गुडघा थोडा वाकवून पुन्हा धरा, म्हणजे पोटरीचा खालचा स्नायूही ताणला जातो.

• बसून काम करणारे (गल्ला, शिलाई, संगणक) : एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे काटकोनात. जमिनीवरच्या गुडघ्याखाली पोतं किंवा घडी घातलेली चादर घ्या. पोट आत, पाठ ताठ, आणि अख्खं अंग किंचित पुढे न्या. मागच्या पायाच्या जांघेत ताण यायला हवा. कमरेत कमान पडत असेल तर चुकतंय.

• पुढे वाकून काम करणारे (शिलाई, पार्लर, मेंदी) : दाराच्या चौकटीत उभे राहा. कोपर खांद्याच्या उंचीला वाकवून हात चौकटीला टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छाती उघडेल. मग मान : उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, खांदा वर उचलू नका, हाताने मान ओढू नका. नंतर डावी बाजू.

• हाताचं बारीक काम (मोबाईल रिपेअर, दागिने, कटिंग) : हात समोर सरळ, तळवा पुढे, बोटं वर. दुसऱ्या हाताने बोटं हलकेच स्वतःकडे ओढा. मग तळवा स्वतःकडे आणि बोटं खाली करून तसंच.

• गाडीवर फिरणारे आणि वजन उचलणारे : पाठीवर झोपा. एका तळव्याला टॉवेल अडकवा, दोन्ही टोकं हातात धरून पाय वर उचला. गुडघा किंचित वाकलेला चालेल. मांडीच्या मागे ताण येतो. उभ्याने वाकून अंगठे धरण्यापेक्षा हे कमरेला सोपं जातं.

ताण किती? दहापैकी चार-पाच. 'ओढ' जाणवली पाहिजे, कळ नको. श्वास चालू ठेवा. चेहरा वाकडा होत असेल तर तुम्ही जास्त ताणताय.

३. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह : जोर कोणाचा?

यूट्यूबवर हे दोन शब्द ऐकून लोक गोंधळतात. सोपं आहे. वर सांगितलेला टॉवेल वापरला तर ताण देणारी शक्ती बाहेरची, म्हणजे पॅसिव्ह. टॉवेल न घेता स्वतःच्या मांडीच्या जोरावर पाय वर धरून ठेवला तर ॲक्टिव्ह. ॲक्टिव्हमध्ये एक स्नायू काम करतो आणि समोरचा ताणला जातो, त्यामुळे ताकदही वापरली जाते. धरायला अवघड, म्हणून १० ते १५ सेकंद पुरे. नवख्यांनी पॅसिव्हने सुरुवात करावी आणि महिनाभराने ॲक्टिव्हकडे यावं.

४. पीएनएफ : दोघांचं काम

पूर्ण नाव लांबलचक आहे, प्रोप्रायोसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन. अमेरिकेत १९४० च्या दशकात डॉ. हर्मन कबाट आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांनी ही उपचारपद्धती रुग्णांसाठी विकसित केली. पुढे खेळाडूंनी त्यातली ताण देण्याची रीत उचलली.

रीत अशी : तुम्ही पाठीवर झोपा. जोडीदार तुमचा सरळ पाय, ओढ जाणवेल तिथपर्यंत उचलून धरेल. आता तुम्ही पाय खाली, जोडीदाराच्या हातावर दाबा. पूर्ण ताकद नको, निम्म्याने. तीन ते सहा सेकंद. मग सोडा, श्वास बाहेर टाका आणि जोडीदाराने पाय आणखी थोडा वर न्यावा. १० ते ३० सेकंद धरा. पाय आधीपेक्षा वर गेलेला तुम्हालाच दिसेल.

पण माझं स्पष्ट मत सांगतो. हा प्रकार आधी फिजिओथेरपिस्टकडून किंवा जाणकार प्रशिक्षकाकडून समोरासमोर शिका. व्हिडिओ बघून मित्राच्या हातात पाय देऊ नका. मित्राला तुमची ओढ कळत नाही, आणि तुम्ही 'थांब' म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

५. बॅलिस्टिक : हे आपलं काम नाही

बॅलिस्टिक म्हणजे हिसके देऊन ताणणं. काकांनी मला जे करायला लावलं ते हेच. आपल्या स्नायूंमध्ये ताण ओळखणारी एक यंत्रणा असते. स्नायू एकदम ताणला की ती त्याला उलट आखडायला लावते, फाटू नये म्हणून. म्हणजे हिसका देताना तुम्ही एकीकडे ओढताय आणि स्नायू दुसरीकडे. उड्या मारणारे, लाथा मारणारे खेळाडू अंग गरम करून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हा प्रकार करतात, त्यांच्या खेळाची ती गरज असते. चाळिशीतल्या किराणा दुकानदाराची ती गरज नाही. शाळेच्या पीटीत शिकलेले 'एक-दोन-एक-दोन' हिसके आता सोडा.

हिशोब मांडूया

आपण धंदेवाले, हिशोबाशिवाय आपल्याला पटत नाही. एक उदाहरण घ्या. समजा, तुमचा रोजचा निव्वळ नफा १,२०० रुपये आहे. कंबर धरली आणि आठ दिवस दुकान बंद. ९,६०० गेले. दुकानाचं भाडं चालूच. हप्ता चालूच. औषधं वेगळी. आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, त्याची किंमत तर वहीत लिहिताच येत नाही.

दुसऱ्या बाजूला, सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं. खर्च शून्य. साहित्य : एक भिंत, एक चौकट, एक टॉवेल. तुमचे आकडे घालून हा हिशोब स्वतः करा.

पण एक सांगतो, कारण या चॅनलवर मी खोटं स्वप्न विकत नाही. स्ट्रेचिंग केलं की कधीच काही दुखणार नाही, अशी हमी मी देणार नाही. २०११ मध्ये कॉक्रेनने प्रसिद्ध केलेल्या संशोधनाच्या आढाव्यात तर असं दिसलं की, व्यायामानंतर येणारं अंगदुखणं स्ट्रेचिंगने फारसं कमी होत नाही. चुकीच्या उंचीचं टेबल, चुकीच्या पद्धतीने उचललेलं पोतं, सहा तासांची झोप, याची भरपाई स्ट्रेचिंग करत नाही. टेबलाची उंची बदला. वजन उचलताना गुडघ्यात वाका, डबा अंगाजवळ धरा. दर तासाने दोन मिनिटं उठा. स्ट्रेचिंग ही सर्व्हिसिंग आहे, बिघडलेल्या मशीनची दुरुस्ती नाही.

आणि दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, पडून-झडून मार लागला असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. गरोदर भगिनींनीही विचारूनच करावं. मी धंद्याचा ट्रेनर आहे, डॉक्टर नाही.

आपल्याच मातीतला एक धडा

कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी थेरं. नाही हो. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिलं, आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांकडून ते करून घेतले. आणि याच राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा दिली. १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती अशी. उद्योगाला जागा देणारा आणि शरीराला शिस्त लावू पाहणारा माणूस एकच होता. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

सूर्यनमस्कार आजच्या भाषेत बघा. श्वासाच्या लयीत एकामागून एक स्थिती घेत गेलात तर ते डायनॅमिक स्ट्रेचिंग. एकेका स्थितीत २० सेकंद थांबलात तर स्टॅटिक. सकाळी लयीत, रात्री थांबून. एकच गोष्ट दोन वेळा, दोन कामांसाठी.

जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर सकाळच्या कवायतीचा कार्यक्रम लागतो. तिथल्या कितीतरी कारखान्यांत आणि बांधकामाच्या जागी कामगार आजही काम सुरू करण्याआधी ती कवायत करतात. कामाच्याच जागी आणि कामाचाच भाग म्हणून. मला हवंय ते हेच. जिमची फी नको, ट्रॅकसूट नको. 'वेळ मिळाला तर' हे तर अजिबात नको.

मदतनिसालाही सांगा

शेवटचा मुद्दा, आणि हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे एक मुलगा कामाला असेल, एक ताई पोळ्या लाटायला येत असेल. तिचे खांदे दुखले तर ती सुट्टी घेते, आणि आपण म्हणतो, "यांचं हे नेहमीचंच." तिची सुट्टी बिनपगारी असते. माझे नऊ दिवस गेले तेव्हा माझ्याकडे काम करणाऱ्या दोघांचाही नऊ दिवसांचा रोज बुडाला होता. त्यांची कंबर तर धडधाकट होती. हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि आजही ते आठवलं की मान खाली जाते.

म्हणून सकाळची पाच मिनिटं एकट्याने करू नका. सगळ्यांना घेऊन करा, आणि ती पाच मिनिटं कामाच्या वेळेत धरा. पहिले दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी तुम्ही विसरलात तर तेच आठवण करतील.

या आठवड्याचा होमवर्क

१. तुमच्या कामात शरीराचा कोणता भाग दिवसभर एकाच स्थितीत असतो, ते वहीत लिहा.
२. सकाळी पाच मिनिटं डायनॅमिक, शटर उघडण्याआधी.
३. रात्री तुमच्या कामाला लागू पडणारे दोनच स्टॅटिक स्ट्रेच. प्रत्येकी २० सेकंद, तीन वेळा, दोन्ही बाजूंनी.
४. २१ दिवस रोजमेळाच्या वहीतच टिकमार्क करा. जिथे पैसे लिहिता तिथेच. म्हणजे विसरणार नाही.

तेलाचा डबा आजही पंधरा किलोचाच आहे. तो उचलण्याआधी मी आता दोन मिनिटं उभ्याने हात-पाय फिरवतो, मग गुडघ्यात वाकतो. बघणारे बघतात. बघू देत. माझं दुकान उद्याही उघडायचंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, आणि धंदा सांभाळणाऱ्यालाही सांभाळा.